पैलतीरावरचे रोम: त्रास्तेवेरे पायी कसे पाहावे

रोमला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या कार्यक्रमात त्रास्तेवेरेच्या वाट्याला फक्त रात्रीचे जेवण येते. दिवसभर कोलोसियम, व्हॅटिकन आणि त्रेव्हीचे कारंजे पाहून थकलेली मंडळी अंधार पडल्यावर टायबर नदी ओलांडतात, वेलींनी झाकलेल्या भिंतीशेजारी दोन तास बसतात आणि मुक्कामी परततात. ती संध्याकाळ सुंदरच असते, पण या वस्तीत जे खरोखर पाहण्यासारखे आहे ते सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळात उघडे असते, आणि जेवायला येणाऱ्यांना त्याची दारे बंदच दिसतात. म्हणून या वस्तीला एक पूर्ण दिवस द्यावा आणि तो घड्याळ पाहून आखावा, असा माझा आग्रह आहे. पुढे दिलेला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी नावाविषयी. लॅटिनमधील 'ट्रान्स तिबेरिम' म्हणजे 'टायबरच्या पलीकडे', आणि त्यावरून 'त्रास्तेवेरे' हे नाव आले. उच्चारताना 'ते' या अक्षरावर जोर द्यावा, म्हणजे वाट विचारताना समोरच्याला लगेच कळते. सम्राट ऑगस्टसने शहराचे चौदा विभाग पाडले, तेव्हा नदीच्या पश्चिम तीरावरचा हा भाग चौदावा होता. खलाशी, कुंभार, चर्मकार आणि पूर्वेकडून आलेले ज्यू व सिरियन व्यापारी इथे राहत. पैलतीरावर असल्यामुळे इथल्या माणसांना आपण वेगळे आहोत ही जाणीव पूर्वीपासून आहे. ते स्वतःला 'नोआन्त्री' म्हणतात, ज्याचा अर्थ साधारण 'आम्ही मंडळी' असा होतो, आणि नदीच्या अलीकडचे ते 'तुम्ही मंडळी'.

नकाशा डोक्यात बसवणे

निघण्यापूर्वी तीन रेषा लक्षात ठेवल्या की इथे वाट चुकण्याची भीती उरत नाही. पूर्वेला नदी आहे, पश्चिमेला जानिकोलो ही टेकडी आहे, आणि मधोमध विआले दि त्रास्तेवेरे हा रुंद, ट्रामचा रस्ता आहे. हा रस्ता जुना नाही. 1870 मध्ये रोम नव्या इटलीत सामील झाल्यानंतर राजधानीला शोभेल असे शहर उभारण्याच्या खटपटीत तो जुन्या वस्तीच्या अंगावरून आखला गेला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टायबरला मोठा पूर आला. त्यानंतर नदीच्या दोन्ही काठांना उंच दगडी भिंती बांधल्या गेल्या, आणि घरांच्या पायऱ्यांपर्यंत येणारे पाणी कायमचे खाली गेले.

रस्त्याच्या पश्चिमेकडच्या तुकड्यात मुख्य चौक, उपाहारगृहे आणि रात्रीची गर्दी आहे. पूर्वेकडचा तुकडा तुलनेने शांत असून तिथे वाळत घातलेले कपडे, छोटी कारखानदारी, मठ आणि जुन्या बेकऱ्या दिसतात. बरेच प्रवासी पूर्वेच्या तुकड्यात पाऊलही टाकत नाहीत. आपला दिवस मात्र तिथूनच सुरू करायचा आहे.

पोहोचणे, मुक्काम आणि पायातले जोडे

फ्युमिचीनो विमानतळावरून थेट त्रास्तेवेरेला यायचे असेल, तर मध्यवर्ती तेर्मिनी स्थानकाकडे जाणारी महागडी लिओनार्दो एक्स्प्रेस पकडू नये, कारण ती वाटेत थांबत नाही आणि पुन्हा उलटे यावे लागते. 'एफ एल 1' ही साधी प्रादेशिक गाडी रोमा त्रास्तेवेरे स्थानकावर थांबते, सुमारे अर्ध्या तासात पोहोचवते आणि तिचे तिकीट 8 युरोंच्या आसपास असते. कागदी तिकीट घेतले असेल, तर फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा. तसे न केल्यास तिकीट असूनही दंड होऊ शकतो. स्थानकाबाहेर 8 क्रमांकाची ट्राम मिळते, आणि हीच ट्राम शहराच्या मध्यावरील पियात्सा व्हेनेत्सियापर्यंत जाते. शहरी वाहतुकीचे साधे तिकीट दीड युरोचे असून ते 100 मिनिटे चालते. आपले कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड ट्राममधल्या यंत्राला लावूनही भाडे भरता येते. रुळांची कामे निघाली की ट्रामऐवजी त्याच मार्गावर बस सोडतात, त्यामुळे थांब्यावर लावलेली सूचना पाहून घ्यावी. गर्दीच्या ट्राममध्ये खिसेकापूंचा वावर असतो, म्हणून पाकीट मागच्या खिशात ठेवू नये आणि पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावी.

युरोपात राहणारे आणि गाडी घेऊन फिरणारे वाचक असतील, त्यांच्यासाठी एक ठळक इशारा. त्रास्तेवेरेच्या गल्ल्या ठरावीक वेळांत बाहेरच्या वाहनांना बंद असतात. तिथे पहारेकरी उभा नसतो, कॅमेरा असतो, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येते. गाडी शहराच्या कडेला लावून ट्रामने येणेच शहाणपणाचे.

मुक्काम इथेच करायचा असेल, तर खोली कोणत्या बाजूला उघडते हे आधी विचारावे. पोन्ते सिस्तो पुलाजवळच्या आणि पियात्सा त्रिलुस्सा परिसरातल्या खोल्या चित्रात फार मोहक दिसतात, पण शुक्रवार-शनिवारी पहाटे दोनपर्यंत खालून गाणे आणि गलका ऐकू येतो. माझी स्वतःची एक रात्र तशी जागून गेली आहे. लहान मुले किंवा वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर ट्रामरस्त्याच्या पूर्वेकडे, सांता चेचिलिया चर्चच्या आसपास खोली शोधावी.

पायात जाड, मऊ तळव्याचे जोडे हवेत. इथले रस्ते 'साम्पिएत्रीनी' नावाच्या चौकोनी काळ्या दगडांचे आहेत. हा दगड ज्वालामुखीच्या लाव्हातून झालेला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा दूरचा भाऊबंद आहे. पाऊस पडला की तो निसरडा होतो, आणि दोन दगडांमधल्या फटीत उंच टाच हमखास अडकते. चर्चमध्ये जायचे असल्यामुळे खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. उन्हाळ्यात एक ओढणी किंवा उपरणे जवळ ठेवले की पुरते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे ऊन विदर्भाची आठवण करून देते.

पहिला टप्पा: बेटावरून नदी ओलांडणे, सकाळी साडेआठ

शहराच्या बाजूने येत असाल, तर ट्रामने नदी ओलांडण्याआधीच्या थांब्यावर उतरावे आणि डाव्या हाताला पाच-सात मिनिटे चालत तिबेरीना या बेटाकडे यावे. बेटावर नेणारा पोन्ते फाब्रिचो हा पूल इसवी सनपूर्व 62 मध्ये बांधलेला असून आजही लोक त्यावरून कामाला जातात. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात या बेटावर आरोग्यदेव एस्क्युलेपियसचे मंदिर बांधले गेले, आणि सोळाव्या शतकापासून इथे रुग्णालय आहे. रोमन माणूस आजारपणात या बेटावर येतो ती सवय दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

बेटावरून पुढे पोन्ते चेस्तियो हा दुसरा पूल आपल्याला त्रास्तेवेरेत उतरवतो. या पुलावर मराठी माणसाने क्षणभर थांबावे. याच टायबरच्या वरच्या खोऱ्यात, इथून बऱ्याच उत्तरेला, 10 जुलै 1944 रोजी रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून गेले आणि ते ठाणे घेऊन तिथेच धारातीर्थी पडले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या वीराला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव रोमच्या दक्षिणेला असलेल्या कासिनो येथील युद्धस्मारकावर कोरलेले आहे. रोमला आलेल्या ज्यांच्या हाती एक दिवस जास्तीचा असेल, त्यांनी रेल्वेने कासिनोला अवश्य जाऊन यावे.

दुसरा टप्पा: पूर्वेकडच्या गल्ल्या

पुलावरून उतरले की पियात्सा इन पिशिनुला हा छोटा चौक लागतो. त्याच्या एका बाजूला सान बेनेदेत्तो हे इवलेसे चर्च आहे. त्याचा घंटामनोरा रोममधला सर्वांत लहान मानला जातो आणि त्यातल्या घंटेवर 1069 हे साल आहे. चौकातल्या कॉफीच्या दुकानात उभ्यानेच न्याहारी करावी. उभे राहून प्यायलेली कॉफी आणि खुर्चीत बसून मागवलेली कॉफी यांच्या दरात दुपटीचाही फरक पडतो, आणि तो फरक फसवणुकीचा नसून दरपत्रकावर लिहिलेला असतो.

इथून विया देई साल्युमी, विया देई जेनोवेसी आणि विया देई वास्केल्लारी या गल्ल्यांतून सावकाश फिरावे. आपल्याकडे तांबट आळी किंवा कासार आळी असते तशी ही नावे आहेत. पहिली खारवलेल्या मांसाच्या व्यापाऱ्यांची, दुसरी जेनोवाहून आलेल्या खलाशांची आणि तिसरी कुंभारांची. जवळच रिपा ग्रांदे हे नदीवरचे बंदर होते, त्यामुळे माल, माणसे आणि त्यांचे धंदे इथे एकमेकांना खेटून वसले.

या गल्ल्यांमध्येच व्हीकोलो देल्लात्लेता, म्हणजे 'मल्लाची गल्ली' आहे. अंग खरवडून तेल-धूळ काढणाऱ्या मल्लाचा प्रसिद्ध संगमरवरी पुतळा 1849 मध्ये इथे सापडला आणि आता तो व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. याच गल्लीत दुहेरी कमानींचे एक मध्ययुगीन विटांचे घर आहे, जे एकेकाळी सिनेगॉग होते असे मानले जाते. ज्यू लोकांची मूळ वस्ती याच तीरावर होती. पुढे ती हळूहळू पलीकडे सरकली, आणि 1555 मध्ये पोपच्या फर्मानाने त्यांना समोरच्या तीरावरच्या गेट्टोत कोंडण्यात आले. त्यामुळे बेटावर येण्यापूर्वी आपण ज्या भागातून चालत आलो, तो भाग आणि ही गल्ली यांचा इतिहास एकच आहे.

तिसरा टप्पा: सांता चेचिलिया, सकाळी दहा

दिवसभरातल्या सगळ्या थांब्यांपैकी एकच निवडा असे कोणी म्हटले, तर मी हा निवडेन. बाहेरच्या दारातून आत गेले की गुलाबांचे अंगण आणि मधोमध पाण्याचे प्राचीन मोठे भांडे दिसते, आणि रस्त्यावरचा आवाज तिथेच मागे राहतो. चेचिलिया, म्हणजेच सेसिलिया, ही रोममधली ख्रिस्ती स्त्री. परंपरा सांगते की तिला तिच्याच घराच्या स्नानगृहात वाफेने गुदमरवण्याचा प्रयत्न झाला. तो फसल्यावर मारेकऱ्याने तिच्या मानेवर तीन वार केले, आणि तरीही ती तीन दिवस जिवंत राहिली. हे चर्च तिच्या घराच्या जागेवर उभे असल्याची श्रद्धा आहे. संगीताची संरक्षक संत म्हणून जगभर तिला मानतात.

1599 मध्ये तिची शवपेटी उघडण्यात आली, आणि त्यानंतर ऐन विशीतल्या स्तेफानो मादेर्नो या शिल्पकाराने तिचा देह जसा सापडला तसा कोरला, असे सांगितले जाते. मुख्य वेदीखाली काळ्या दगडाच्या कोनाड्यात ही पांढरी संगमरवरी मूर्ती आहे. पुढे जाऊन गुडघ्यांवर वाकून पाहावे. मुलगी उजव्या कुशीवर पडली आहे, गुडघे किंचित दुमडलेले आहेत, डोक्याला फडके गुंडाळले आहे आणि चेहरा जमिनीकडे वळलेला असल्यामुळे तो आपल्याला दिसतच नाही. दिसते ती मान, आणि मानेवर बारीक, सरळ रेघेसारखी जखम. उजव्या हाताची तीन बोटे उघडी आहेत, डाव्या हाताचे एक. मरतानाही तिने तीन रूपांतल्या एका देवाची ग्वाही दिली, असा त्या बोटांचा अर्थ लावतात. संतांच्या मूर्ती आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या आपण पुष्कळ पाहतो. तोंड फिरवून पडलेली ही थकलेली मुलगी पाहताना मात्र श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघांचाही आवाज आपोआप खाली येतो.

एवढ्यावर परत फिरू नये. चर्चच्या डाव्या बाजूच्या मठाच्या दारावरची घंटा वाजवली की बेनेडिक्टीन जोगिणींपैकी कोणीतरी दार उघडते. थोडेसे शुल्क भरले की त्यांच्या प्रार्थनेच्या सज्ज्यात जाता येते. तिथल्या भिंतीवर प्येत्रो काव्हाल्लीनी याने 1293 च्या सुमारास रंगवलेला 'अंतिम न्याय' आहे. हे चित्र शतकानुशतके लाकडी आसनांमागे झाकलेले होते आणि 1900 मध्ये पुन्हा उजेडात आले. देवदूतांच्या पंखांकडे नीट पाहावे. गुलाबी, हिरवा, तांबूस असे रंग एकेका पिसागणिक उतरत जातात, आणि खाली बसलेल्या प्रत्येक प्रेषिताचा चेहरा वेगळ्या माणसाचा आहे. इटालियन चित्रकला सपाट आकृत्यांतून हाडामांसाच्या माणसांकडे वळते, तो क्षण या भिंतीवर हाताच्या अंतरावरून पाहता येतो. हा सज्जा साधारण सकाळी दहा ते साडेबारा एवढाच वेळ उघडतो. सारा दिवस या वेळेभोवती बांधण्याचे कारण हेच आहे. ज्यांना वेळ आहे त्यांनी खालच्या तळघरातले प्राचीन घरांचे अवशेषही पाहावेत, मात्र आधी चित्र पाहावे आणि मग तळघर.

चौथा टप्पा: लुदोविका, बाजार आणि नळाचे पाणी

सांता चेचिलियापासून दहा मिनिटांवर सान फ्रान्चेस्को आ रिपा हे चर्च आहे. असिसीचे संत फ्रान्सिस रोमला आले की इथल्या धर्मशाळेत उतरत, अशी परंपरा आहे. डाव्या बाजूच्या शेवटच्या कोनाड्यात बेर्निनी या शिल्पकाराने उतारवयात, 1671 ते 1674 या काळात कोरलेली लुदोविका आल्बेर्तोनी आहे. मृत्यूच्या घटकेला छातीवर हात ठेवून पडलेल्या या स्त्रीच्या वस्त्राच्या घड्यांवर बाजूच्या लपवलेल्या खिडकीतून प्रकाश पडतो. सकाळीच मादेर्नोची शांत सेसिलिया पाहिली असल्यामुळे पाऊण शतकात शिल्पकला किती बोलकी झाली, ते शब्दांवाचून कळते.

रविवारी आला असाल, तर इथून जवळच पोर्ता पोर्तेसे या वेशीपासून सुरू होणारा जुना बाजार पहाटेपासून दुपारी दोनपर्यंत भरतो. जुनी पुस्तके, पितळी वस्तू, कपडे आणि बराच कचराही तिथे असतो. मात्र रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतात आणि पुढे येणारी फार्नेझीना ही जुनी हवेली बहुधा बंद असते, म्हणून या लेखातला क्रम मंगळवार ते शनिवार या दिवसांसाठी समजावा.

आता ट्रामरस्ता ओलांडून पश्चिमेकडे पियात्सा सान कोझिमातोला यावे. इथे सकाळी भाजीबाजार असतो. वसंतात इथे जांभळट आटीचोके, म्हणजे मोठ्या कळीसारखी दिसणारी भाजी, रचलेले दिसतात आणि हिवाळ्यात पुंतारेल्ले नावाची कडवट पालेभाजी, जिच्या दांड्या चिरून गार पाण्यात टाकल्या की कुरळ्या होतात. भाजी हाताने चाचपू नये, विक्रेत्याला दाखवून मागावी. तो इथला रिवाज आहे.

पाण्याची बाटली विकत घेण्याची गरज नाही. रोममध्ये 1874 पासून बसवलेले 'नासोने', म्हणजे 'मोठ्या नाकाचे' लोखंडी नळ जागोजागी अखंड वाहत असतात, आणि त्यांचे पाणी पिण्यायोग्य व गार असते. नाकाच्या वाकणावर वरच्या बाजूला एक बारीक भोक असते. खालचे तोंड बोटाने दाबले की त्या भोकातून वर कारंजे उडते आणि ओंजळीविना पाणी पिता येते. लहान मुलांना हे एकदा दाखवले की पुढचा प्रत्येक नळ तीच शोधून काढतात.

पाचवा टप्पा: फार्नेझीना, साडेबारापर्यंत

बाजारातून उत्तरेकडे चालत पोर्ता सेत्तिमियाना ही वेस ओलांडली की विया देल्ला लुंगारा हा सरळ रस्ता लागतो, आणि उजव्या हाताला व्हिल्ला फार्नेझीना. सिएनाहून आलेला आगोस्तीनो किजी हा पोपचा सावकार अमाप श्रीमंत होता. त्याच्यासाठी बाल्दास्सारे पेरुत्सी याने 1506 नंतर हे घर बांधले. पाहुण्यांनी जेवलेली चांदीची ताटे किजी नदीत फेकून देई आणि रात्री पाण्यात लावून ठेवलेल्या जाळ्यांतून ती परत काढून घेई, अशी कथा सांगतात. घर सकाळी नऊ ते दुपारी दोन असे उघडते, त्यामुळे निदान साडेबाराला आत असावे. याच सुमारास, बरोबर बाराच्या ठोक्याला, वरच्या जानिकोलो टेकडीवरून तोफेचा बार होतो. 1904 पासून तोफ त्या टेकडीवर आहे आणि तिच्या आवाजाने दचकण्याचे कारण नाही.

आत पहिल्या दालनात चित्रकार राफाएलची गालातेया ही समुद्रकन्या डॉल्फिन जुंपलेल्या शिंपल्याच्या रथातून समुद्र ओलांडते. पुढच्या दालनात त्याच्या शिष्यांनी रंगवलेली क्युपिड आणि सायकीची कथा आहे. देवदेवतांवरून नजर काढून छतावर चौकटीसारख्या रंगवलेल्या फळाफुलांच्या हारांकडे पाहावे. ते जोव्हान्नी दा उदिने याचे काम असून त्यात शंभरांहून अधिक जातींच्या वनस्पती ओळखल्या गेल्या आहेत. त्यांत मक्याची कणसे आणि अमेरिकेतून आलेले भोपळेही आहेत. 1518 मध्ये पूर्ण झालेल्या या छतावरचा मका युरोपातल्या सर्वांत जुन्या मक्याच्या चित्रांपैकी आहे. आपल्या ताटात आज सहज असलेले कणीस त्या काळी श्रीमंताच्या छतावर मिरवण्याची अपूर्वाई होती.

वरच्या मजल्यावर पेरुत्सीने भिंतींवर असे खांब रंगवले आहेत की दालनात ठरावीक जागी उभे राहिले तर भिंत नाहीशी होऊन बाहेरचे रोम दिसते. त्याच भिंतींवर 1527 मध्ये शहर लुटणाऱ्या जर्मन भाडोत्री सैनिकांनी खरवडलेली अक्षरे आहेत. पुढच्या दुरुस्त्यांत ती मुद्दाम पुसली नाहीत, हे मला फार योग्य वाटते.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

फार्नेझीनातून बाहेर पडल्यावर जेवावे. जेवणाची वेळ साधारण साडेबारा ते तीन आणि रात्री साडेसातनंतर असते. मधल्या वेळात बऱ्याच स्वयंपाकघरांना सुट्टी असते. रस्त्यात उभे राहून हात धरून बोलावणारी आणि दारावर सहा भाषांत छायाचित्रांसह पदार्थ दाखवणारी ठिकाणे टाळावीत.

रोमचे चार पास्ते प्रसिद्ध आहेत, आणि शाकाहाऱ्यांनी ते नीट ओळखून घ्यावेत. कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्हींत 'ग्वान्चाले' म्हणजे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस असते. काचो ए पेपे या चौथ्या प्रकारात फक्त मेंढीच्या दुधाचे पेकोरीनो चीज आणि मिरी असते. मात्र ते चीज विरजताना परंपरेने प्राण्याच्या जठरातले मुरवण वापरतात, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. 'सुप्ली' हे भाताचे तळलेले गोळे निरुपद्रवी दिसतात, पण त्यांत बहुधा खिमा असतो. भोपळ्याची तळलेली फुले आपल्या भज्यांसारखी वाटतात, पण त्यांच्या पोटात चीजबरोबर आच्चूगे नावाची खारी मासळी भरतात, आणि पुंतारेल्लेच्या कोशिंबिरीतही तीच वाटून घातलेली असते. म्हणून 'सेंत्सा कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, एवढे सांगून भागत नाही. 'सेंत्सा पेशे, सेंत्सा आच्चूगे' हेही सांगावे. निर्धास्तपणे खाण्यासारखे म्हणजे मारिनारा पिझ्झा, ज्यात टोमॅटो, लसूण आणि तेलच असते, आणि पुदिना-लसणाचे 'कार्चोफी आल्ला रोमाना' म्हणजे शिजवलेले आटीचोके.

बिलात 'पाने' म्हणजे पावाचे एक-दोन युरो लागलेले दिसतात. पाव नको असेल तर तो ठेवतानाच परत करावा. टीप देण्याची सक्ती नसते.

सहावा टप्पा: दुपारची टेकडी

दुपारी चर्चे बंद असतात, आणि टेकडीसाठी तीच वेळ मोकळी सापडते. चालणे झेपत नसेल तर 115 क्रमांकाची छोटी बस वर जाते. पायी गेल्यास वाटेत सान प्येत्रो इन मोंतोरियोच्या अंगणात वास्तुकार ब्रामान्तेने 1502 च्या सुमारास बांधलेले 'तेम्प्येत्तो' हे गोल, सोळा खांबांचे छोटे देवालय पाहता येते. वर 1612 मध्ये पूर्ण झालेले आक्वा पाओला हे प्रचंड कारंजे आहे, आणि त्याच्यासमोरच्या कठड्यावरून सगळे शहर दिसते. इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गारिबाल्दी याच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती 1849 मध्ये रोमन प्रजासत्ताकासाठी फ्रेंचांशी लढलेल्यांचे अर्धपुतळे आहेत. थोड्या अंतरावर उधळत्या घोड्यावर, एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हाताने तान्हे मूल सावरणारी त्याची पत्नी अनिता आहे. झाशीच्या राणीची प्रतिमा मनात घेऊन वाढलेल्या आपल्या मुलांना तो पुतळा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सातवा टप्पा: मुख्य चौक आणि संध्याकाळ

साडेचारच्या पुढे खाली उतरून पियात्सा दि सांता मारिया इन त्रास्तेवेरे या चौकात यावे. सांता मारिया हे रोममधल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी एक असून आजची वास्तू पोप इनोसंट दुसरा याने 1140 च्या सुमारास नव्याने बांधवली. आतले 22 दगडी खांब प्राचीन रोमन इमारतींतून आणलेले असल्यामुळे जाडी आणि माथे सारखे नाहीत. काही माथ्यांवर इजिप्तच्या देवतांचे चेहरे कोरलेले होते, आणि ते कुणाचे आहेत हे ध्यानात आल्यावर एकोणिसाव्या शतकात ते छिलून टाकण्यात आले.

समोरच्या अर्धगोल घुमटातले सोनेरी मोझेक अंधारात असते. बाजूच्या पेटीत नाणे टाकले की दिवे लागतात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवावीत. ख्रिस्त आणि मरिया एकाच सिंहासनावर बसले आहेत आणि मुलाने आईच्या खांद्याभोवती हात टाकला आहे. बाराव्या शतकातल्या इतक्या भारदस्त चित्रात हा घरगुती हात मला दर वेळी नव्याने दिसतो. खालच्या पट्टीत काव्हाल्लीनीची मरियेच्या जीवनावरची सहा मोझेक आहेत, सकाळच्या सज्ज्यातल्याच हाताची. त्यांतल्या ख्रिस्तजन्माच्या प्रसंगात एका छोट्या घरातून ओघळ नदीकडे जाताना दिसतो. इसवी सनपूर्व 38 मध्ये याच जागी जमिनीतून तेल वाहू लागले अशी कथा आहे, तिची ती खूण.

या चर्चशी 'सांतेजिदियो' हा समुदाय जोडलेला आहे. 1968 मध्ये रोमच्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. मोझांबिकमधले यादवी युद्ध संपवणारा करार 4 ऑक्टोबर 1992 रोजी त्यांच्याच मध्यस्थीने झाला, आणि वाटाघाटी जवळच्या त्यांच्या जुन्या मठात झाल्या होत्या. संध्याकाळी इथे त्यांची सामूहिक प्रार्थना असते. शेवटच्या बाकावर शांत बसायला कोणाचीही हरकत नसते, मात्र त्या वेळी छायाचित्रे काढू नयेत.

यानंतर वेळेचे बंधन उरत नाही. कारंज्याच्या पायऱ्यांवर बसावे, मग विया देल्ला स्काला आणि विया देल मोरो या गल्ल्यांतून भटकावे. उन्हाळ्यात नदीकाठच्या टपऱ्यांवर 'ग्रात्ताकेक्का' मिळते. बर्फाची लादी हाताने किसून त्यावर फळांचा पाक ओतलेला हा पदार्थ म्हणजे आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडीऐवजी पेल्यात. जुलैत आलात, तर 16 तारखेनंतरच्या शनिवारी सुरू होणारा 'फेस्ता दे नोआन्त्री' हा वस्तीचा स्वतःचा उत्सव अवश्य पाहावा. 1535 मध्ये टायबरच्या मुखाशी कोळ्यांना सापडली असे सांगितली जाणारी मरियेची मूर्ती खांद्यावरून मिरवतात आणि नंतर नावेतून नदीनेही आणतात. कोळ्यांना पाण्यात देव सापडण्याच्या कथा कोकण-गोव्यातल्या वाचकांना परक्या वाटणार नाहीत.

गोव्याचा विषय निघालाच आहे, तर परतीच्या वाटेवरची एक जागा सांगतो. पियात्सा व्हेनेत्सियाजवळ, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून काही मिनिटांवर, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे 'जेझू' हे चर्च आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझुसमध्ये ज्यांचा देह आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात 1614 मध्ये इथे आणला गेला आणि तो उजवीकडच्या वेदीवर ठेवलेला आहे. हे चर्चही दुपारी बंद असते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जावे.

रात्री परतताना ट्रामऐवजी पोन्ते सिस्तो या पादचारी पुलावरून जावे. 1475 च्या ज्युबिली, म्हणजे यात्रेकरूंच्या पवित्र वर्षासाठी पोप सिक्स्टस चौथ्याने बांधवलेल्या या पुलाच्या मध्यावर उभे राहिले की डाव्या बाजूला नदीवर झुकलेल्या झाडांच्या वर सेंट पीटर्सचा घुमट उजळलेला दिसतो. पूल ओलांडल्यावर काठाच्या भिंतीवरून मागे वळून पाहावे. मधल्या खांबाच्या वरच्या भागात एक मोठे गोल भोक आहे, ज्याला रोमन लोक चष्म्याची काच म्हणत. भिंती बांधल्या जाण्याआधी पाणी त्या भोकापर्यंत चढले, की पलीकडच्या त्रास्तेवेरेतली माणसे सामान वरच्या मजल्यावर हलवू लागत.